चौथा डाग

लोक मला तापाची डॉक्टर म्हणतात. दारावरच्या पाटीवर 'संसर्गजन्य रोगतज्ज्ञ' असं ऐसपैस लिहिलंय, पण ते वाचायला सवड कोणाला? बडनेऱ्याहून पेशंट आणणारे ऑटोवाले एकमेकांना सांगतात, "थ्या तापवाल्या मॅडम इथंच बसतेत." मला ते चालतं. दोन-तीन दवाखाने फिरून, कॅरीबॅगभर कागद घेऊन, "सगळं करून पाह्यलं मॅडम, पण ताप काई जाऊन नाई राह्यला" असं म्हणत जो येतो, तो माझा पेशंट.

माझं अर्धं काम म्हणजे आधीच्यांनी सुरू केलेली औषधं बंद करणं. तापाचं कारण सापडेना की माणूस घाबरतो, डॉक्टरही घाबरतो, आणि भीतीपोटी इंजेक्शनांवर इंजेक्शनं चढतात. मी कागद मांडून बसते आणि एकेक खोडत जाते. याची मला थोडी गुर्मीही आहे, खोटं कशाला बोलू? दुसऱ्यानं चार इंजेक्शनं लावलेला पेशंट मी एका गोळीवर बरा करून घरी पाठवला की तो सगळा दिवस मी खुशीत असते.

उरलेलं अर्धं काम म्हणजे बघणं. कपडे बाजूला करून, उजेडात, नखापासून शेंडीपर्यंत बघणं. आमच्या वऱ्हाडात पावसाळा सरत आला, सोयाबीन सोंगणीला आलं, की स्क्रब टायफस नावाचा एक ताप येतो. गवतात, झुडपात डोळ्यांना दिसणार नाही एवढा किडा असतो. तो चावतो तिथं काही दिवसांत बारकी काळी खपली धरते, विडीचा चटका बसावा तशी. भोवती लाल कडं. ती ना दुखते ना खाजवते, म्हणून ज्याच्या अंगावर आहे त्यालाही तिचा पत्ता नसतो. शिवाय तो किडा जागा अशा निवडतो की काय सांगावं. काखेत, छातीखाली, जांघेत, करदोड्याखाली, नाडीच्या रेघेवर. खपली सापडली तर निदान तिथंच झालं, साध्या औषधानं दोन-तीन दिवसांत माणूस उठून बसतो. नाही सापडली आणि औषधही सुरू केलं नाही, तर फुप्फुस, किडनी, मेंदू असं एकेक धरत हा ताप माणसाला घेऊन जातो. म्हणून मी बघते. बायका लाजतात, पुरुष तर त्याहून लाजतात. दर्यापूरकडचे एक आजोबा मला म्हणाले होते, "मॅडम, माह्या बायकोनं बी चाळीस वर्सात एवढं नाई पाह्यलं."

आता माझ्या रागाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. औषध अर्ध्यात सोडणारे, पथ्य न पाळणारे, पोराचा ताप अंगावर काढणारे, कोणालाही मी सोडत नाही. मागून वाईट वाटतं, पण ते मागून. माझी आई अकोल्याला असते. ती एकदा माझ्या ओपीडीत तासभर बसली होती आणि उठताना म्हणाली, "लोकं बिमारीले भेतात का तुले भेतात, मले काई समजलं नाई."

आणि या रागाचा सगळ्यात जुना मानकरी म्हणजे बिब्बा. पोटात दुखलं, कंबर धरली, ताप उतरेना की आमच्याकडे अजूनही घरातली जाणती बाई बिब्बा काढते. दिव्यावर तो गरम करायचा, सुईनं टोचायचा, जे काळं तेल येतं त्याचा ठिपका दुखऱ्या जागी द्यायचा. त्यानं कातडी जळते, सुजते, काळी पडते, वेड्यासारखी खाज सुटते. तान्ह्या लेकरांच्या पोटावर मी हे डाग पाहिलेत. पिकून पू झालेले पाहिलेत. त्यामुळे बिब्ब्याचा डाग दिसला की माझं डोकं सणकतं, आणि एकदा सणकलं की मला पुढचं दिसत नाही. हे 'दिसत नाही' मी ज्या आठवड्याची गोष्ट सांगतेय त्याआधी लिहिलं नसतं.

तो बुधवार होता. सकाळच्या राउंडला एक नवी पेशंट आली होती, भातकुलीकडच्या गावची, चोवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. नऊ दिवसांचा ताप. गावाकडच्या लॅबमध्ये डेंगूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता, प्लेटलेट उतरल्या होत्या, दोन भारी इंजेक्शनं सुरू होती. नवरा उशाशी स्टुलावर बसला होता. गावात त्याचं झेरॉक्सचं दुकान, थोडी शेती. माझ्या प्रश्नांची उत्तरं तोच देत होता.

"शेतात जाते का ही? गवत कापायला, सोयाबीनला?"

"नाई मॅडम. ती दुकानातच बसते माह्यासंगं."

सासू कोपऱ्यात उभी होती. साठीच्या आसपासची, बारकी, हातात स्टीलचा डबा धरलेला. ती काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, तेवढ्यात मी पोरीच्या पोटावरचं पांघरूण काढलं.

बेंबीच्या आजूबाजूला काळे डाग. फुगलेले, चिघळलेले.

"कोणी केलं हे?"

"म्या देल्ला बिब्बा," सासू म्हणाली. "पोटात कळ येत होती तिले. रातभर..."

मी तिला रात्र पूर्ण करू दिली नाही. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य स्पष्ट आठवतं, कारण तेच मला नंतर गिळावं लागलं. मी म्हटलं, "तापानं नाही मरायची ती, तुमच्या हातानं मरेल." शेजारच्या खाटांवरचे लोक वळून बघायला लागले. सासूनं डबा छातीशी धरला. पोरगा स्टुलावरून उठला आणि आईला म्हणाला, "किती डाव सांगतलं तुले? आता हात लावू नको तिले. आजपासून अजिबात हात लावू नको."

मला त्याचं म्हणणं पटलं होतं. मी मान हलवून दाद दिली.

मग पांघरूण परत ओढलं. काख पाहिली, मान पाहिली, पाठ पाहिली, खपली नाही. फाइलीत माझ्याच हातानं लिहिलं: 'पोटावर बिब्ब्याचे चार डाग.' डेंगूचा रिपोर्ट होता, शेतात जाणं नव्हतं, खपली नव्हती. स्क्रबची तपासणी मी सवयीनं पाठवली, तिचा रिपोर्ट शुक्रवारी येणार होता. एरवी अशा वेळी मी रिपोर्टची वाट न बघता गोळी सुरू करून टाकते. त्या दिवशी नाही केली. ती दोन भारी इंजेक्शनं बंद केली, सलाइन ठेवलं, आणि एका पेशंटची फालतू औषधं कमी केली या समाधानात पुढच्या खाटेकडे गेले.

गुरुवारी मी अकोल्याला असते. तिथल्या एका दवाखान्यात माझी आठवड्याची ओपीडी असते आणि दुपारचं जेवण आईकडे. सकाळी निघताना वॉर्डात डोकावले. पोरगी थोडी सुस्त होती, श्वास जरासा जलद वाटला. आमच्या सिस्टर अचलपूरच्या, वीस वर्षं वॉर्ड सांभाळणाऱ्या, त्यांना म्हटलं, लक्ष ठेवा, काही वाटलं तर फोन करा. सासू बाहेर बाकावर बसली होती. मला पाहून उभी राहिली. मी घड्याळ बघत जिना उतरले.

मूर्तिजापूर मागे टाकेपर्यंत मी बाकी कशाकशाचा विचार करत होते. ओपीडी नेहमीसारखी, गर्दीची. दुपारी आईनं वांग्याचं भरीत आणि भाकर केली होती. जेवता जेवता मी तिला बिब्ब्याचा किस्सा सांगितला. रंगवून सांगितला, कशी झापली तिला म्हणून. आई भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबली.

"लेकासमोर बोलली तू तिले?"

"मग काय बाजूला घेऊन समजावू?"

"व्हय. समजावाचं. लेकासमोर, सुनेसमोर बुढीले चोर केलं तू. तुह्या दवाखान्यातून थे सारे घरी जातीन. थ्या बुढीले त्याच घरात राहा लागते." मग माझ्या ताटात भरीत वाढत म्हणाली, "सून मेली त तिले कोणी घरात घेईन काय? म्हणतीन, हिनंच मारलं."

मी चिडले. म्हटलं, तुला काय कळतं बिब्ब्यानं काय होतं ते. आईनं ताटं उचलली.

चारच्या सुमारास, मी परत ओपीडीत बसले असताना, सिस्टरचा फोन आला. श्वास वाढलाय. ऑक्सिजन लावलाय. ताप एकशे चारच्या खाली येत नाही, हाका मारल्या तर डोळे उघडते पण उत्तर देत नाही. मी उठून खिडकीपाशी गेले. डेंगू असा वागू शकतो, मी स्वतःला सांगत होते, पण मलाच ते पटत नव्हतं. नऊ दिवसांनंतर, प्लेटलेट वर यायला लागायच्या वेळी ताप असा एकशे चारवर का बसेल?

सिस्टर पुढे म्हणाल्या, "आणखी एक, मॅडम. ती बुढी सकाळपासून माझ्या मागं मागं करून राह्यली. दुपारी मी अंग पुसून देत होते तर म्हणते, ह्यातला एक डाग माझा नाही. मी म्हटलं, बाई, आता तरी बिब्ब्याचं नाव काढू नका."

सिस्टरनी ते गंमत म्हणून सांगितलं होतं. 

"फोन द्या तिला."

फोनवर आधी नुसता श्वास ऐकू आला.

"मावशी, किती डाग दिले होते तुम्ही?"

"रागावसान तुमी."

"नाही रागावत. सांगा."

"तीन. आमच्या घरात तीनच देतेत. माह्या सासूनं तसंच शिकोलं मले. बेंबीच्या वर एक न दोन बाजूनं दोन. खालचा माहा नाई."

"पक्कं माहीत आहे?"

"माह्या हातचं मले समजत नाई काय, मॅडम?" आता तिचा आवाज जरा सुटला. "तीन डाग फुगले, त्याले हात लावला का ती कळवळते, खाजवाले पाह्यते. खालच्याले हात लावला त तिले पत्ताच नाई. बिब्बा असा राह्यत नाई. थो दुसराच काईतरी हाये."

माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना मी वर्षानुवर्षं हेच शिकवते. दुखत नाही, खाजत नाही, तीच खपली. भिंतीवर चित्रं लावून शिकवते.

"शेतात गेली होती का हो ती?"

"बांधावर बरबटीच्या शेंगा तोडाले गेलतो आमी दोघी. पंधरा-सोळा दिवस झाले असतीन. गवत कमरेइतकं होतं. पोराले काय माईत, थो दुकानात होता."

"हा डाग तुम्ही कधी पाहिला?"

"कालच. तुमी पांघरूण काढलं तवाच. मले वाटलं, चवथा कुठून आला."

"मग बोलल्या काहून नाही?"

 मग म्हणाली, "तुमी बोलू देल्लं कुठी?"

त्यात तक्रार नव्हती. पाणी आलं नाही की लाइट गेली हे सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मी फोन सिस्टरकडे परत द्यायला सांगितला. सिस्टरना म्हटलं, बॅटरीच्या उजेडात तो खालचा डाग बघा. त्यांना बघायला मिनिट लागलं नाही. "बारकी खपली आहे मॅडम. भोवती लाल. नाडीच्या रेघेवरच आहे." त्यांच्या आवाजातली गंमत गेली होती. मी औषध सांगितलं, सलाइनमधून, आत्ताच्या आत्ता, रिपोर्टची वाट बघायची नाही. पाच-दहा मिनिटांत त्यांनी ते सुरू केल्याचं कळवलं. बाहेर बसलेल्या पेशंटांची मी हात जोडून माफी मागितली आणि गाडीत बसले.

परतीचा रस्ता मला नीट आठवत नाही. बोरगावला एका ट्रॅक्टरमागे अडकले, एवढं आठवतं. दीड दिवस. मी दीड दिवस वाया घालवला होता, आणि या तापात दीड दिवस फार असतो. किती पोरी मी या तापातून बाहेर काढल्या ते त्या रस्त्यावर एकदाही आठवलं नाही. ज्या गेल्या त्याच आठवत राहिल्या. आणि पुन्हा पुन्हा आईचं ते भरीत वाढता वाढता म्हटलेलं. ही पोरगी गेली, तर तिचा ताप गवतातून आला होता हे मला माहीत असेल, माझ्या फाइलीला माहीत असेल. पण त्या घरात मरेपर्यंत एकच वाक्य राहील, डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर म्हटलेलं. मला रडू आलं. गाडी चालवताना रडायची माझी पद्धत नाही, तरी आलं.

साडेसहाला पोचले. पोरगी मास्कच्या मशीनवर होती, दोन्ही फुप्फुसांत घरघर. मी स्वतः ती खपली पाहिली. वरच्या तीन डागांहून लहान, कोरडी, शांत. बुधवारी मी हिलाच मोजलं होतं आणि चार असा आकडा लिहिला होता. फाइल उघडून त्याखाली खरं काय ते लिहिलं, तारखेसकट, सहीसकट.

बाहेर आले तर सासू बाकावर तशीच बसलेली. शेजारी तो डबा, झाकण न उघडलेला. पोरगा कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून उभा होता. बुधवारपासून मायलेक एकमेकांशी बोलले नव्हते, हे मला सिस्टरनी सांगितलं. सासू माझ्याकडे बघत होती. मला तेव्हाच बोलता आलं असतं. पण मी पोरापाशी गेले आणि एवढंच म्हणाले, "तपासात दुसरा ताप निघालाय. औषध सुरू केलंय. दोन दिवस महत्त्वाचे आहेत." आणि तिच्यासमोरून निघून गेले. कामाची घाई आहे असं स्वतःला सांगितलं. घाई नव्हती. लाज वाटत होती.

शुक्रवारी स्क्रबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे गावाकडचा डेंगूचा रिपोर्ट फसवा होता. ताप तसाच होता. मी दर दोन तासांनी वॉर्डात जात होते, बहाणे काढून. एकदा गेले तेव्हा सासू काचेच्या दाराबाहेर उभी राहून आत बघत होती. आत यायला तिला कोणी मनाई केली नव्हती, निदान दवाखान्यानं तरी नाही. सिस्टर म्हणाल्या, जेवली नाही, चहा तेवढा घेते. मी म्हटलं, बघते. पुन्हा बघितलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"कशी हाये पोरगी?"

"आहे तशीच. पण श्वास वाढला नाही, ही चांगली गोष्ट."

"न बुढीसंगं बोलली तू?"

"वेळ नाही मिळाला गं."

"बोलणी द्याले वेळ होता तुले," आई म्हणाली. "माफी मागाले नाई."

तिनं फोन ठेवला. माझ्या आईला समजुतीचं बोलणं येत नाही, आमच्या घरात ते कोणालाच येत नाही.

शनिवारी सकाळी सिस्टर जिन्यातच भेटल्या. त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं, तरी त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत विश्वास ठेवला नाही. पहाटेपासून ताप नाही. मशीन काढून साधा मास्क लावलाय. पाणी मागितलं. आज कोणता वार आहे, विचारलं. मी वॉर्डात गेले, तिच्या कपाळावर हात ठेवला. गार, घामेजलेलं कपाळ. मी तसाच हात ठेवून जरा वेळ उभी राहिले. पोरीनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमी कोण?" तीन दिवसांत तिनं मला पहिल्यांदाच नीट पाहिलं होतं. मी म्हटलं, "तापाची डॉक्टर."

पोरगा स्टुलावर होता, त्याचे डोळे लाल. तो उठून माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला दंडाला धरून उभं केलं आणि सिस्टरना म्हटलं, "त्याच्या आईला बोलवा."

ती दारापर्यंत आली. उंबऱ्यासारखी एक पितळी पट्टी आहे तिथं, तिच्या अलीकडेच थांबली. मी म्हटलं, आत या. ती नाही आली. पोराकडे पाहत राहिली.

मग मी तिथूनच बोलले. बुधवारी जेवढा आवाज लावला होता तेवढाच लावला, कारण जे आख्ख्या वॉर्डासमोर बोलले होते ते कानात सांगून परत घेता येत नाही. मी म्हटलं, "हे बघ भाऊ. बुधवारी मी तुझ्या आईला म्हटलं की ही तिच्या हातानं मरेल. ते चूक होतं. तुझ्या बायकोला गवतातला किडा चावला होता. त्याची खपली पोटावर होती आणि ती मला दिसली नाही. बिब्ब्याच्या डागांत मी ती मोजून टाकली. तुझ्या आईला दिसली. बुधवारीच दिसली. मी तिला बोलू दिलं असतं तर औषध दीड दिवस आधी लागलं असतं. तुझी बायको आज पाणी मागून राहिली, ती तुझ्या आईनं सांगितलं म्हणून. समजलं?"

 पोरगा फरशीकडे बघत होता.

"बिब्बा देऊ नका, ते मी आजही म्हणते," मी सासूला म्हटलं. सवय जात नाही. "पण तुमच्या बिब्ब्यानं हिला काही झालं नाही. मी तुम्हाला नको ते बोलले, मावशी. माझं चुकलं."

सासूचा चेहरा हलला नाही. तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. मग म्हणाली, "आणखीन एक डाव सांगा, मॅडम. त्याले नीट आयकू नाई आलं."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, सगळं.  या वेळी पोरानं मान वर केली. सासू रडायला लागली, आवाज न करता, आणि रडता रडता म्हणाली, "मले वाटलं म्याच खाल्ली तिले. तीन दिवस झाले, मी माह्या हाताकडे पाहून राह्यली."

खाटेवरून पोरीचा आवाज आला. मास्कमधून, अगदी बारीक. यातलं तिनं किती ऐकलं, तिला किती कळलं, मला माहीत नाही. तिनं मास्क हनुवटीवर ओढला आणि म्हणाली, "आई, केसात हात घाला ना. लय गुंता झाला."

बारा दिवस तिच्या केसांना फणी लागली नव्हती. सासू जागची हलली नाही. तिनं पोराकडे पाहिलं.

तो स्टूल सोडून भिंतीपाशी जाऊन उभा राहिला, आणि म्हणाला, "लाव ना माय हात."

तिनं दोन्ही हात पदराला पुसले, स्टुलावर बसली आणि खालच्या टोकाकडून गुंता सोडवायला लागली.